एका दमाची चढाई

माझी बायको मालती गेली त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, आमच्या सौंसरच्या शाळेची मुलींची कबड्डीची टीम पहिल्यांदा पांढुर्ण्याच्या सामन्यांत उतरली. टीमला शिकवलं मी, पण उभी मालतीने केली. पोरगी अर्धी चड्डी घालून मैदानात उतरणार म्हटलं की आया दार लावून घ्यायच्या. मालती त्यांच्या अंगणात जाऊन बसायची, सूप पुढे ओढून त्यांची डाळ निवडू लागायची आणि उठताना पोरगी घेऊनच उठायची. अशा बारा पोरी जमल्या.

सरावाच्या वेळी ती मैदानाच्या कडेला दगडावर बसायची. खेळातलं तिला फार कळत नव्हतं, पण कान फार तिखट. चढाईला गेलेल्या पोरीने एकाच दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत परत यायचं असतं. मधे श्वास घेतला तर ती बाद. काही पोरी तो चोरून घेतात, पंचालाही ऐकू येत नाही. मालतीला यायचा. मान वर न करता ती म्हणायची, “घेतला व तुनं. जाय, पुन्हा ये.”

भाद्रपदात ती तापाने गेली. आठ दिवसांत सगळं संपलं.

दिवाळीनंतर मी सराव पुन्हा सुरू केला. वंदना ही चढाईत सगळ्यांत तयार पोरगी. परत येताना, मध्यरेषा एक पाऊल राहिली की ती श्वास चोरायला लागली होती. मला ऐकू यायचं. मी बोललो नाही. हेडमास्तरांनी सांगून ठेवलं होतं, “औंदा जिंकले तर टीम राहील, गुरुजी. हारले तर पोरी घरी बसतील. आता बाई नाहीत. आयांले कोण समजावीन?” मालतीची टीम मोडू द्यायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दोन महिने मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

डिसेंबरात पांढुर्ण्याला सकाळी उपांत्य सामना झाला. वंदनाच्या शेवटच्या चढाईवर आम्ही एका गुणाने जिंकलो. समोरच्या टीमची एक काटकुळी पोरगी पंचांकडे धावली. पंच होते यशवंतराव, तिथलेच जुने खेळाडू.

“सर, तिनं मधात श्वास घेतला!”

“मले नाही ऐकू आला, बाई.”

पोरगी माझ्याकडे वळली. “तुम्हाले तर आला ना जी, सर? तुम्ही तर इथंच उभे होते.”

मी खाली बुटांकडे पाहिलं. ती निघून गेली.

मला बसवेना. अर्ध्या तासाने मी पंचांच्या टेबलाशी गेलो. “यशवंतराव, मला ऐकू आला होता.”

त्यांनी चष्मा काढला. “आता सांगून राहिले? सह्या झाल्या, ते पोरी बसस्टँडवर पोचल्या असतील. आता निकाल फिरत नाही, गुरुजी.”

दुपारी अंतिम सामना पांढुर्ण्याच्याच टीमशी होता. मी वंदनाला बाहेर बसवलं.

ती तडकली. “तुम्हाले तर दोन महिन्यांपासून ठाऊक होतं.”

“होतं.”

“मंग तवा काहून नाही बोलले?”

“चुकलं माझं. आता बोलून राहिलो.”

हेडमास्तर धावत आले. “पोरींले इथं हारायले आणलं का तुम्ही?”

“खेळायला आणलं, साहेब.”

पूर्वार्धात आम्ही सहा गुणांनी मागे पडलो. लोक ओरडत होते, “सौंसरवाल्या पोरीहो, बस सुटून राहिली तुमची!” मध्यंतरात सगळ्या पोरी संत्री खात होत्या. वंदना हातातलं संत्रं न सोलता माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मले पाठवा.”

“चोरशील?”

“नाही.” मग हातातल्या संत्र्याकडे पाहत म्हणाली, “आन हारलो तर? टीम मोडन.”

“मोडली तर मी दारोदार जाईन. ते माझं काम. तू एका दमात ये.”

ती गेली. नेहमीसारखी खोल शिरेना. एकीला शिवायची आणि दम असेपर्यंत परत यायची. एकेक गुण करत आम्ही फरक एका गुणावर आणला आणि शेवटची चढाई उरली. तिने दोघींना शिवलं. त्या दोघींनी वाट अडवली, तशी ती कडेने वळसा घालून निघाली. आवाज बारीक होत गेला. मध्यरेषा एक पाऊल राहिली. हीच तिची श्वास चोरायची जागा होती.

ती तिथेच थांबली. दम संपला, आवाज बंद झाला. मग तिने सगळ्यांसमोर, तोंड उघडून मोठा श्वास घेतला. यशवंतरावांनी शिट्टी वाजवली.

“भेली रे भेली!” ती घाबरून थांबली असं वाटून लोक हसले. आम्ही हरलो.

यशवंतराव माझ्याजवळ आले. “गुरुजी, ह्या वक्ती मलेही ऐकू आला,” म्हणाले आणि त्यांनी वंदनाच्या डोक्यावर हात ठेवला. बसमध्ये हेडमास्तर माझ्यापासून लांब, पार पुढच्या सीटवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वंदनाच्या घरी गेलो. तिची आई शकुबाई अंगणात तुरीची डाळ निवडत होती.

“जय भीम, गुरुजी. पोरगी हारून आली म्हणते.”

“जय भीम. हो, हरलो.”

“तिच्यानंच हारले म्हणतात लोकं. पुरे झाला आता खेळ.”

मी खाली बसलो. सूप पुढे ओढलं आणि डाळ निवडता निवडता सगळं सांगितलं. माझे दोन महिने सांगितले, त्या काटकुळ्या पोरीचंही सांगितलं. वंदना कशी थांबली ते शेवटी सांगितलं.

“एक पाऊल राह्यलं होतं?”

“एकच.”

“आन थांबली?”

“थांबली.”

तिने माझ्या पुढचं सूप काढून घेतलं. “राहू द्या, गुरुजी. डाळ फेकून खडे ठेवून राहिले तुम्ही. बाईसारखं नाही जमत तुम्हाले.” मग घराकडे तोंड करून तिने हाक दिली, “वंदने, चप्पल घाल. गुरुजी उठून राहिले.”

मी उठलो. वंदना माझ्या मागोमाग निघाली. अजून अकरा घरं राहिली होती.