रिकामा खल

बाबांच्या, म्हणजे कारखान्याच्या मोठ्या मिस्त्रींच्या पंचाहत्तरीला भाषण कोण करणार, यावर घरात चर्चा झालीच नाही. दादानं फोन केला आणि हुकूम सोडला. "तूच बोल. लोकांना रडवलंस तरी चालेल, पण चांगलं बोल. वाकडं बोललीस तर तोंड फोडीन." आणि हसला. त्या घरात अशा वाक्यांना प्रेम म्हणायची पद्धत होती, त्यामुळे चिमटीही सवयीनं हसली.

चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती इतकी काटकुळी होती की बाबा म्हणायचे, हिला भट्टीत निखारे उचलायला वापरता येईल. आता ती एका दवाखान्यात एक्स-रे काढायची, दिवसभर लोकांची मोडकी हाडं बघायची, पोट सुटायला लागलं होतं, तरी माहेरी ती चिमटीच.

बाबांनी तिला मारलं होतं, दादाला मारलं होतं आणि आईला तर इतकं मारलं होतं की त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. कधी पट्ट्यानं, कधी फळीनं, बहुतेक वेळा नुसत्या हातानं. पण उभं आयुष्य घण मारलेल्या माणसाचा हात नुसता कुठला असायला. एकदा त्यांनी दादाला उचलून कपाटावर आपटलं तेव्हा कपाटाचा पत्रा आत गेला, तो खड्डा अजून तसाच आहे. म्हातारपणी ते हे सगळं चारचौघांत कबूल करायचे, वर एक वाक्य जोडायचे. "मारलं मी, नाही म्हणत नाही. पण माझा हात माझ्या ताब्यात होता. कुणाचं हाड मोडलं नाही मी. कुठे थांबायचं ते मला कळायचं." ऐकणारे माना डोलवायचे. हाड खरंच कुणाचं मोडलं नव्हतं.

ते का मोडलं नव्हतं, हे फक्त चिमटीला ठाऊक होतं.

बाबा पोरसवदा असताना त्यांच्या बापाच्या हाताखाली घण मारायचे. बाप तापलेलं लोखंड सांडशीत धरायचा आणि छोट्या हातोडीनं दाखवायचा, इथं मार. भट्टीच्या त्या गदारोळात 'थांब' म्हटलेलं कुणाला ऐकू जाणार? म्हणून खूण ठरलेली. हातोडी लोखंड सोडून मोकळ्या ऐरणीवर दोनदा वाजली की घण जिथे असेल तिथे थांबायचा. नाही थांबला तर धरणाऱ्याची बोटं गेली. बाबा वर्षानुवर्षं त्या दोन टोलांवर थांबत आले होते. पुढे पुढे हात डोक्याला विचारायचाही बंद झाला. टोल पडले की तो थांबायचा.

आईला हे कळलं ते चुकून. बाबा दादाच्या छातीवर बसून त्याला बडवत होते आणि धावपळीत आईच्या हातून लोखंडी खलात बत्ता पडला. पडला, उसळला, पुन्हा पडला. टण्ण, टण्ण. बाबांची मूठ हवेत थांबली. ते उठले, हात झटकले आणि पाणी प्यायले. आईनं ते हेरलं, आणि पुढे मार हाताबाहेर जायला लागला की ती त्या खलात बत्ता दोनदा वाजवायची. त्या दिवसापासून तो खल कायम रिकामा राहिला, कारण भरलेला खल वाजत नाही. कुटायचं काम ती दगडी खलात करायची. लोखंडी खल बाबांनीच तिला लग्नानंतर ठोकून दिला होता, आणि बाई त्यात काहीच का कुटत नाही म्हणून ते अधूनमधून तिला टोमणेही मारायचे.

मरायच्या आधी दवाखान्यात आईनं हे चिमटीच्या कानात सांगितलं. वर शपथ घातली. "त्यांना सांगू नकोस. त्यांना वाटू दे आपण आपणहून थांबतो. कळलं तर थांबायचे नाहीत." चिमटीनं शपथ घेतली आणि आई गेल्यावर तोंडाला कुलूप लावलं.

ते कुलूप काढायची वेळ आणली वहिनीनं.

महिन्यापूर्वी वहिनी तिच्या दवाखान्यात आली, कूस धरून. चिमटीनं फोटो काढला. एक बरगडी ताजी मोडलेली, खालची आधीच कधीतरी मोडून वेडीवाकडी जुळलेली, आणि मनगटाचं हाड तर दोनदा. चिमटीनं असे फोटो पुष्कळ पाहिले होते, पण त्यावर आपल्या घरचं नाव कधी पाहिलं नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घर सोड," ती म्हणाली. वहिनी म्हणाली, "बाबांशी बोलले मी. ते म्हणाले, मीही असाच होतो. वय झालं की हात आपोआप ताब्यात येतो. थोडा धीर धर. मी धरतेय, ताई."

आता पंचाहत्तरीच्या दिवशी हॉलच्या मागच्या भांडी धुवायच्या खोलीत वहिनीनं तिला गाठलं. गळ्यापर्यंत बंद ब्लाऊज, हनुवटीखाली पावडरचा थर. "ह्यांना तो फोटो सापडला," ती म्हणाली. "माझ्या पर्समध्ये. सकाळी म्हणाले, आज पाहुणे आहेत, कार्यक्रम होऊ दे. घरी गेल्यावर बघतो. दाराची कडी मी लावीन म्हणाले."

"तू माझ्याबरोबर चल. आत्ता."

"बाबा म्हणतात तसं झालं तर? एक दिवस थांबले तर?" वहिनीनं विचारलं. तिच्या डोळ्यांत खरोखर आशा होती. या बाईला मार मारत नव्हता, ते म्हाताऱ्याचं वाक्य मारत होतं, आणि ते खोटं आहे हे सांगू शकणारं माणूस जगात एकच उरलं होतं.

हॉल खचाखच भरला होता. कारखान्याची माणसं, शेजारीपाजारी, लांबचे नातेवाईक. व्यासपीठावर भट्टीतली जुनी ऐरण घासूनपुसून ठेवली होती आणि तिच्यावर आजोबांची हातोडी. दादाचीच कल्पना. ऐरणीशेजारच्या टेबलावर केक. बाबा नव्या कोटात खुर्चीतून उठले, सुरी केकवर आणली, आणि मावसभावानं लोकांना गप्प करायला ग्लासवर चमचा वाजवला. टिंग, टिंग.

सुरी थांबली. केकच्या बोटभर वर, जागच्या जागी. लोकांना वाटलं, म्हातारा भाषणासाठी थांबलाय, केवढा शिष्टाचार. कुणीतरी टाळी वाजवली. बाबांनी स्वतःच सुरीकडे जरा गोंधळून पाहिलं आणि ती खाली ठेवली. चिमटीनं ते पाहिलं. आई जाऊन इतका काळ लोटला तरी तो हात अजून आईचंच ऐकत होता.

"बोल आता," दादा म्हणाला. "आणि लवकर आटप."

ती माईकपुढे उभी राहिली. सुरुवात तिनं ठरल्याप्रमाणे केली. बाबांचे कष्ट, भट्टीचा कारखाना कसा झाला, हाताला काम दिलेली घरं. बाबांचे डोळे पाणावले. दादा हात बांधून हसत होता. मग चिमटीनं पुढच्या रांगेतल्या वहिनीकडे पाहिलं आणि मनातल्या मनात आईची माफी मागितली.

"बाबा नेहमी सांगतात, माझा हात ताब्यात होता," ती म्हणाली. "तो ताब्यात होता, पण बाबांच्या नाही. आईच्या."

आणि तिनं सांगितलं. भट्टीतले दोन टोल सांगितले, कपाटाचा खड्डा सांगितला, रिकामा खल सांगितला. आवाज चढवला नाही, दवाखान्यात रिपोर्ट वाचावा तशी बोलली. कारखान्यातली जुनी माणसं खाली बघायला लागली, कारण टोलांची खूण त्यांनाही माहीत होती. "हा हात आपोआप ताब्यात येत नाही, वहिनी," ती म्हणाली. "बाबांचाही आला नव्हता. तू वाट बघू नकोस."

"खोटं आहे," बाबा म्हणाले. एवढंच. चेहरा राखेसारखा झाला होता.

पुढचं सगळं एकदम झालं. दादानं माईकचा दांडा उपटला आणि तिच्या खांद्यावर घातला. ती टेबलावर आदळली, केक तिच्याखाली चिरडला. त्यानं तिला केसांना धरून वर ओढलं आणि तोंडावर ठोसा मारला. तोंडात रक्ताची चव आली आणि एक दात हलला. "सांगितलं होतं तुला," तो म्हणत होता, अगदी शांतपणे, "सांगितलं होतं ना." मावसभाऊ मध्ये पडला, त्याला त्यानं गुडघ्यानं पोटात असं हाणलं की तो दुमडून खाली बसला. काही माणसांनी भराभर काढता पाय घेतला. वर्षानुवर्षं बाबांच्या घरी जेवलेली माणसं खुर्च्यांच्या मागे उभी राहून नुसती बघत राहिली.

मग वहिनी व्यासपीठावर आली. तिनं मागून दादाचा दंड धरला. "तिला सोडा," म्हणाली. "माझ्यावर राग आहे ना."

दादानं चिमटीला सोडलं. वळला आणि वहिनीला मोडक्या बरगडीवरच लाथ घातली. ती पडली तशी तिच्या उरावर बसला आणि दोन्ही हातांनी तिचा गळा धरला. तिच्या टाचा लाकडी फळ्यांवर आपटत होत्या. चिमटी त्याच्या पाठीवर पडली, त्याच्या कानाला दातांनी धरलं, कानाचा तुकडा तिच्या तोंडात आला तरी तो हलला नाही.

तेव्हा बाबांनी हातोडी उचलली. आयुष्याची निम्मी वर्षं त्यांनी स्वतः मुख्य मिस्त्री म्हणून माणसांना थांबवलं होतं, त्यामुळे हात आपणहून ऐरणीकडे गेला. मोकळ्या ऐरणीवर त्यांनी दोन टोल दिले. अख्खा हॉल दणाणला. कारखान्यातले दोन म्हातारे कामगार होते तिथे ताठ उभे राहिले.

दादा थांबला नाही. तो कशाला थांबेल? तो भट्टीवर आला तेव्हा यंत्राचा घण आलेला होता. पाय दाबला की चालू, उचलला की बंद. त्याच्या हाताला कुणी कधी थांबायला शिकवलंच नव्हतं. बाबांनी पुन्हा दोन टोल दिले. वहिनीच्या टाचा मंदावल्या होत्या. आपल्या हातासारखाच एक हात चालू आहे आणि तो टोल ऐकत नाही, हे म्हाताऱ्यानं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

दोन पावलांत ते गेले आणि हातोडी दादाच्या हातावर आणली. कोपर आणि मनगटाच्या मधोमध. आवाजावरून चिमटीला कळलं, दोन्ही हाडं गेली. दादा किंचाळून बाजूला लोळला. वहिनीनं घशातून एक लांब, खरखरीत श्वास ओढला.

काम झालं होतं. पण बाबांचं झालं नव्हतं. हातोडी पुन्हा वर गेली. दुसरा घाव खांद्यावर बसला, तिसरा गुडघ्यावर. "बाबा, नको," दादा रडत होता, लहानपणी रडायचा तसाच, आणि आंधळेपणानं चांगला हात डोक्यावर घेत होता. बाबांच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता, काहीच दिसत नव्हतं. चिमटीला तो चेहरा ओळखीचा होता. चौथ्या घावाला हातोडी खांद्याच्या मागे गेली आणि नेम डोक्यावर धरला.

ओरडून उपयोग नव्हता, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. चिमटीनं चिरडलेल्या केकमधून चमचा ओढला, समोरचा ग्लास उचलला आणि मारला. पहिला टोल वाजला. दुसऱ्याला ग्लास तिच्या मुठीत फुटला, पण फुटायच्या आधी वाजला.

हातोडी हवेत थांबली.

बाबांनी मान वळवली. चिमटीकडे नव्हे, मागे, भांड्यांच्या खोलीच्या दाराकडे. ते बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिले. दारात कुणी नव्हतं. मग त्यांना चिमटीची रक्ताळलेली मूठ दिसली आणि तिच्यातला चमचा दिसला.

"म्हणजे मी एकदाही थांबलो नव्हतो," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"तिला माहीत होतं."

"हो."

हात अजून वरच होता. चिमटी जवळ गेली. बाबा तिला बघत होते, पण मूठ सुटत नव्हती, त्यांना ती सोडता येत नव्हती. तिनं एकेक बोट उघडलं. शेवटचं बोट उघडताना म्हाताऱ्याच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला, आणि ते ऐरणीला टेकून खाली बसले. कुणीतरी दादासाठी गाडी बोलवत होतं.

वहिनी उठून बसली होती. गळ्यावर दहाही बोटं उमटली होती. तिनं दादाकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि पर्स शोधून घेतली. चिमटीनं आपल्या कापलेल्या हातावर रुमाल बांधायला बाबांच्या मुठीतून काढलेली हातोडी तिच्याकडे दिली. दोघी व्यासपीठावरून उतरल्या तेव्हा लोकांनी वाट करून दिली. रस्त्यावर आल्यावर चिमटीनं हातोडी परत मागितली, तर वहिनी म्हणाली, "राहू दे, माझ्याजवळच असू दे." आणि रिक्षातून चिमटीच्या घरी पोहोचेपर्यंत तिनं ती मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली.