साडेचार हातांचा तारामासा

मी बरणीतला तारामासा बोलतोय. मी मासा नाही. पण नावाला जागलंच पाहिजे असा नियम माणसांनी स्वतःलाही लावलेला नाही, तेव्हा माझी तक्रार नाही.

समुद्रात असताना माझा एक हात खेकड्याने नेला. आमच्यात असलं कोणी मनाला लावून घेत नाही, नवा फुटतो. माझाही नखाएवढा फुटला होता, तेवढ्यात जाळ्यात सापडलो, औषधात बुडालो आणि कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत येऊन बसलो. हात साडेचारच राहिले.

दरवर्षी मुलं माझ्यासमोर बसून माझं चित्र काढतात. समोर फक्त बसतात, चित्र पुस्तकातून. पाच हात, सगळे सारखे. सर सही करतात. असा सगळा सुखाचा संसार चालला होता.

एका वर्षी एका मुलीने माझी बरणी खिडकीपाशी नेली, फिरवून फिरवून पाहिली आणि चार हात नि एक कोंब काढला.

"हे काय गं?" सर म्हणाले.

"समोर आहे तसं काढलं, सर."

"पुस्तकात किती आहेत?"

"पाच."

"मग? परीक्षक पुस्तक बघणार की बरणी? पाच काढ, मग सही."

सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही. तिने पाच काढले, पण चेहरा खोटी साक्ष देऊन आल्यासारखा.

"मी हे वर्तमानपत्रात लिहिणार," ती शेजारच्या मैत्रिणीला म्हणाली.

"लिही बाई. आणि घरी काय सांगशील?"

"बाबा म्हणतातच, लेखच लिहायचे होते तर बेडकं कशाला कापलीस?"

लेख रविवारी छापून आला. सोमवारी सर तो घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. चष्मा पुसला. अख्ख्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी माझे हात मोजले. मग तिला बोलावलं. मला वाटलं, गेली बिचारी.

"कोंबाचं छान लिहिलंयस. सोडू नकोस हे. वडील काय म्हणाले?"

"बोलत नाहीत, सर."

"मी समजावतो त्यांना." मग स्वतःच म्हणाले, "नाही, नको. त्यांनी लेख वाचला असेल, त्यात मीही आहे."

वडील बोलायला लागले, पण सावकाश. आज ती विज्ञानाच्या मासिकात लिहिते आणि तिचा तो लेख इथे वर्गात वाचून दाखवतात. मी पिवळा पडलोय. शेजारी नवा तारामासा आलाय, पाचही हात धडधाकट. मुलं आता त्यालाही साडेचारच काढतात. लेखात तसं आहे ना!

परवा ती आली होती. चित्रं पाहिली, कपाळावर हात मारला आणि हसत सुटली.

"सर, मला वाटायला लागलं होतं, आता लिहिण्यासारखं काही उरलं नाही."

मग तिने आम्हा दोघांच्या बरण्या खिडकीपाशी नेल्या आणि मुलांना हाक मारली, "या रे सगळे. पुस्तक राहू दे. माझा लेखही राहू दे."

तुम्ही कधी आलात, तर मला बिचारा म्हणू नका. बरणी उजेडात न्या आणि मोजा.