दुसऱ्या खांबापाशी एक फेरा

दिवसाचे नऊ तास शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून लोकांना गाडी शिकवायची कुणी? मी. आणि नव्या गाडीत काय हवं, काय नको, हे दादानं विचारलं कुणाला? गॅरेजवाल्याला, विमावाल्याला, अगदी वहिनीच्या भावालाही, ज्याला सायकलसुद्धा धड उभी करता येत नाही. मला सोडून साऱ्या जगाला विचारून झालं.

मला कळलं ते ऑफिसच्या टेबलावर पडलेल्या फॉर्मवरून. सीटकव्हर, होय. मागचा वायपर, होय. त्याखाली 'व्हेरिएबल रेशो स्टिअरिंग' या ओळीवर त्यानं रेघ मारली होती. तीही पट्टी लावून. शेजारी टपोऱ्या अक्षरात 'गरज नाही'. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

ड्रायव्हिंग स्कूल वडिलांचं. ते गेल्यावर कारभार दादाकडे आला आणि शिकवणं माझ्याकडे, त्याला बावीस वर्षं झाली. गेले आठ महिने माझा उजवा खांदा आखडलाय. हात छातीपर्यंत येतो; त्याच्या वर नेला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. नवा शिकाऊ आला की पहिल्या दिवशी मी स्वतः गाडी आवारात मागे घेऊन दाखवते. तेव्हा मी ओठ चावून गप्प बसलेली असते आणि शिकाऊला वाटतं, बाई विचार करतायत.

हे स्टिअरिंग माझ्यासारखीसाठीच केलंय. सरळ रस्त्यावर ते साध्यासारखंच वागतं, पण जसजसं जास्त फिरवाल तसतशी चाकं भराभर वळतात. आमच्या गाडीत चाकं पूर्ण वळवायला दीड फेरा लागतो, तिथे एका फेऱ्यात काम होतं. हात उचलून पुन्हापुन्हा हातावर घ्यावा लागत नाही. हे असेल तर मी आणखी दहा वर्षं शिकवीन. नसेल तर वर्षभरात घरी. इतका सरळ हिशेब होता, आणि त्यावर पट्टी लावून रेघ.

मी फॉर्म दादाच्या नाकासमोर धरला. तो म्हणाला, शिकणाऱ्यांचा घोटाळा होईल, परीक्षा साध्या गाडीवर द्यावी लागते. मी म्हटलं, त्यांची काळजी तुला कधीपासून वाटायला लागली, तू तर दहा वर्षांत कुणाच्या शेजारी बसला नाहीस. मग तो चष्मा काढून पुसायला लागला. दादा चष्मा पुसतो तेव्हा समजावं की खरं पोटात आहे आणि ओठांवर भलतंच येणार.

"तू आता ऑफिसात बसावंस असं मला वाटतं," तो म्हणाला. "फोन घे, वेळापत्रक बघ. खांद्यालाही आराम पडेल."

म्हणजे मला खुर्चीत बसवायचं आधीच ठरलं होतं. मी पर्स उचलली आणि शोरूम गाठलं. आम्ही जुनं गिऱ्हाईक, म्हणून त्यांनी ते स्टिअरिंग असलेली गाडी दुपारपर्यंत दिली. पहिल्याच वळणावर मला रडू फुटायचं बाकी होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच गाडी पूर्ण वळवूनही खांद्यानं हूं की चूं केलं नाही. त्या क्षणी मला दादाचा इतका राग आला की मी गाडी थेट आवारात आणली. त्याच्या डोळ्यांदेखत शिकवून दाखवते, मग बोल म्हणावं काय बोलायचं ते.

आवाराच्या भिंतीवर मी स्वतः पिवळ्या रंगानं लिहिलंय: 'दुसऱ्या खांबापाशी एक फेरा. आरशात तिसरा दिसला की उलटा एक.' आवारात खांब उभे करून आखलेल्या चौकटीत गाडी मागे घेऊन लावायचा माझा मंत्र. त्याच्या जोरावर आमचे दहातले नऊ पहिल्या झटक्यात पास होतात. पास झाल्यावर त्यातल्या काहींचे फोन यायचे, बाई, स्वतःच्या गाडीत जमत नाही हो. माझं उत्तर ठरलेलं होतं: नाचता येईना, अंगण वाकडं. दादाच्या मुलीलाही मी हेच ऐकवलं होतं. पहिल्या फटक्यात पास झाली, स्वतःच्या पगारातून गाडी घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात इमारतीच्या तळघरात खांबाला घासून दोन्ही दारं चेपवून आली. मी भर जेवणात, सगळ्यांसमोर म्हणाले होते की आत्याचं नाव घालवलंस. दोन महिन्यांत तिनं गाडी विकली आणि आता बसनं फिरते. इतकी लेचीपेची पोरगी आमच्या घरात निघाली कशी, याचा मला आजही राग होता.

त्या वेळी शिकायला एक नर्स येत होती. दुसरीकडे दोनदा नापास होऊन आलेली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पण शेजारी बसली की माझ्यासाठी सगळे एकाच वयाचे. तिला औषधाचे थेंब मोजायची सवय. सांगाल तेवढंच करते, ना कमी ना जास्त. मी तिला नव्या गाडीत बसवलं, दादा ऑफिसच्या दारात येऊन उभा आहे याची खात्री केली आणि मोठ्यानं म्हटलं, दुसऱ्या खांबापाशी एक फेरा.

तिनं बरोबर एक फेरा घेतला. गाडीनं गर्रकन तोंड फिरवलं आणि मागचा खांब आडवा झाला. मी हँडब्रेक ओढला. बांबूचा खांब, रबरी बूड, गाडीला ओरखडाही नाही. पण नर्सचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, माझं काय चुकलं?" तिनं विचारलं. "मी एकच फेरा घेतला."

माझ्या तोंडाशी म्हण आली होती. ती तिथेच अडकली, कारण तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिनं माझं ऐकलं होतं.

दादा सावकाश आला. खांब उचलून उभा केला, त्याची माती झटकली.

"पोरीच्या गाडीला हेच स्टिअरिंग होतं," तो म्हणाला.

मी विचारलं, तुला कधी कळलं. गाडी विकताना, तो म्हणाला, दोन वर्षं झाली. मग बोलला का नाहीस, यावर त्यानं भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट केलं.

"तुला सांगणार कोण?"

मला त्याचा गळा धरावासा वाटला. दोन वर्षं मी ते आकडे शिकवत होते आणि हा दारातून बघत होता. पण राग त्याच्यापर्यंत जाईना, अर्ध्या वाटेतून माझ्याकडेच परत येत होता. मी लोकांना गाडी शिकवलीच नव्हती. या आवारातली ही चौकट आणि ही एक गाडी, एवढंच पाठ करून घेतलं होतं. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते आखलं होतं मी.

मी नर्सला म्हटलं, भिंतीकडे बघू नकोस, मोजू नकोस. आरशात खांब बघ. तो जवळ यायला लागला की वळव, पुरे वाटलं की सोड. पहिल्यांदा गाडी तिरकी गेली, दुसऱ्यांदाही. पाचव्यांदा चौकटीत बसली. मग आमच्या जुन्या गाडीत बसवलं. तिथे दुसऱ्याच प्रयत्नात बसली. नर्स हसली, मला हसू येईना.

फॉर्मवर दादाच्या रेघेखाली मी 'गरज आहे' असं लिहिलं आणि सही केली. त्यानं स्वतःची सहीही खाली केली. मग पांढऱ्या रंगाचा डबा काढून मी भिंतीवरची अक्षरं पुसायला घेतली. उजवा हात तिथवर पोचेना म्हणून डाव्यानं. दादा स्टूल धरून उभा राहिला.

मग स्टुलावरून उतरून भाचीला फोन लावला. म्हटलं, त्या दिवशी चूक तुझी नव्हती, माझी होती. हे वाक्य माझ्या तोंडून याआधी कधी बाहेर पडलं असेल असं वाटत नाही, कारण ते नीट बाहेरही येईना.

"मला माहीत होतं, आत्या," ती म्हणाली. "बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणाले, तिला कळू देऊ नकोस, ती शिकवायचं सोडून देईल."

म्हणून ती रेघ. म्हणून ती ऑफिसातली खुर्ची: खांद्यापायी शिकवणं सुटलं तर चालेल, चुकीपायी नको. मी वळून बघितलं तर तो अजून रिकामं स्टूल धरून उभा होता, चष्म्यावर पांढरे ठिपके.

"कुणी सांगितलं त्याला, मी सोडून देईन म्हणून?" मी फोनवर ओरडले. "उद्या सातला आवारात ये. आणि उशीर केलास तर बघ."