पाणी लागलेली गाडी

निकासिओने सीटबेल्ट ओढत ओढत शेवटच्या शिवणीपर्यंत बाहेर काढला आणि पट्टा दोन बोटांत धरून उजेडाकडे केला. गाडीत पाणी शिरलं असेल तर ते इथं सापडतं. लबाड माणूस सीट धुतो, खालचा गालिचा बदलतो, वास मारायला आत कॉफीची पूड ठेवतो. पण पट्ट्याचा शेवटचा हातभर भाग कायम गुंडाळलेला असतो, तो धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि गाळाची रेघ तिथं तशीच राहते. हा पट्टा कोरा होता.

ओब्दुलिया बाहेर त्याची टोपी धरून उभी होती. काखेत तिची वही.

“काय म्हणते गाडी?”

“थांबा जरा.”

त्याने सीटखालचे स्क्रू पाहिले. गंज नाही. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक मागच्या पत्र्यावरून फिरवलं, तर ते सगळीकडे चिकटलं, म्हणजे पुट्टी थापून कुणी काही झाकलं नव्हतं. लिलावाच्या वेळचा फोटो ओब्दुलियाच्या फोनवर होताच. त्यात डिकी चेपून आत गेलेली, पण दोन दारांमधल्या खांबापासून पुढे गाडी धड.

आमच्या साल्काहा गावात अशाच गाड्या येतात. उत्तरेकडे विमा कंपनीने हात वर केले की कागदावर भंगाराचा शिक्का बसतो, मग लिलाव होतो, मग कुणीतरी ती दुसऱ्या गाडीच्या मागे बांधून अख्खा मेक्सिको ओलांडतो, आणि आमचे लोक ठोकून, रंगवून तिला पुन्हा रस्त्यावर उभी करतात. किंमत निम्मी. असली गाडी घ्यावी का, हा प्रश्न बाहेरगावचे लोक विचारतात. आम्ही एवढंच विचारतो, की यातली कुठली घ्यावी. निकासिओ कोहुलून चाळीस वर्षं पत्रे सरळ करत आलाय आणि त्याचं उत्तर ठरलेलं आहे: मागून मार बसलेली घ्या, पुढून बसलेली बघा, पाण्यातली सोडा. लोखंड वाकतं तसं सरळही होतं. पाणी मात्र तारांमध्ये दबा धरून बसतं आणि सहा महिन्यांनी भर घाटात दिवे घालवतं.

ही करडी गाडी मागून मार बसलेली होती, आणि ज्याने कुणी ती दुरुस्त केली त्याने इमानाने केली होती. सहा रविवारांत पाहिलेल्यांत इतकी चांगली एकही नव्हती. निकासिओने पट्टा पुन्हा एकदा शेवटपर्यंत ओढून पाहिला.

सहा आठवड्यांपूर्वी ओब्दुलिया त्याच्या कारखान्याच्या दारात येऊन म्हणाली होती, “मला गाडी घ्यायची आहे, आणि मला फसायचं नाही.” निवृत्त शिक्षिका, साठी उलटलेली, शाळेची पिकअप अकरा वर्षं चालवलेली. पेन्शनीत नवी गाडी बसत नव्हती, म्हणून ही भंगाराच्या शिक्क्याची. त्यानंतरच्या रविवारपासून ती बरोबर आठला यायची आणि दोघं गाड्यांच्या बाजारात हिंडायचे. दुपारी रस्त्यापलीकडच्या खानावळीत कोंबडीचं सूप घ्यायचे. बास, एवढंच. पण त्याची बायको इमेल्दा गेल्याला चार वर्षं झाली होती, मुलं झाली नव्हती, आणि उरलेले सहा दिवस निकासिओ संध्याकाळी घरात शिरता शिरता रेडिओ लावायचा आणि बातम्या देणाऱ्याशी भांडायचा. तो कधी उलट बोलायचा नाही, हीच पंचाईत होती.

पहिल्या तीन गाड्या खरोखरच वाईट होत्या. चौथी चालली असती, पण त्याने नाक मुरडलं, आणि ही आपली खबरदारी आहे अशी स्वतःची समजूत घातली. पाचव्या रविवारी बाजारात धड काही आलंच नव्हतं. आज समजूत घालायलाही जागा नव्हती.

“पाणी,” तो गाडीतूनच म्हणाला. तिच्याकडे न बघता.

गाडीचा मालक एल्फेगो बंपर पुसत होता. तो ताडकन उठला.

“कुठलं पाणी? मिस्त्री, ही गाडी वाळवंटातून आलीय. तिथं माणसाला प्यायला पाणी मिळत नाही.”

“नाकाला कळतं.”

“नाक दाखवून घ्या एकदा डॉक्टरला.”

शेजारी तोतोनिकापानचं एक जोडपं याच गाडीसाठी ताटकळत होतं. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं आणि दोघं पुढच्या गाडीकडे सरकली. निकासिओच्या नाकाशी वाद घालायची साल्काहात पद्धत नाही. ओब्दुलियाने वहीत गाडीचा क्रमांक लिहिला, त्यापुढे ‘पाणी’ लिहिलं आणि खाली रेघ ओढली. मग त्याची टोपी त्याला दिली.

“चला,” ती म्हणाली. “दुधानं तोंड पोळण्यापेक्षा फुंकून प्यालेलं बरं.”

खानावळीत सूप आलं, केळीच्या पानातले मक्याचे उंडे आले. निकासिओ नेहमीसारखा सावकाश जेवत होता. घाईने जेवलं की रविवार लवकर संपतो. त्याला वाटलं, आता ती शाळेची एखादी गंमत सांगेल. मागच्या खेपेला तिने तपासणीला आलेल्या साहेबाच्या खुर्चीखाली कुत्री व्याल्याची गोष्ट सांगितली होती आणि दोघांनाही हसता हसता ठसका लागला होता. पण आज तिने चमचा खाली ठेवला.

“पुढच्या रविवारपासून मी नाही यायची,” ती म्हणाली. “तुमच्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे हो. वेळच उरला नाही. नात्यातल्या कुणाची जुनी गाडी मिळेल ती घेऊन टाकते.”

“एकदम असं काय झालं?”

“मेंचा. माझी धाकटी बहीण, खाली मलाकातानला असते. तिच्या डोळ्यात दर महिन्याला सुई टोचावी लागते, इथं केत्साल्तेनांगोच्या इस्पितळात. तिकडून यायचं तर दोन बस बदलायच्या आणि दिसतं अर्धवट. तिला इथं ठेवून घ्यावं तर इथल्या थंडीने छाती भरते. म्हणून मी जाऊन आणणार, सुई झाली की परत सोडणार, असं ठरवलं होतं.” तिने मिठाची वाटी उगाचच जरा बाजूला केली. “गेल्या सोमवारी बसमधून उतरताना पडली. गुडघा फुटला, तशीच घरी परतली. सुई चुकली. डॉक्टर म्हणतात, आणखी एक चुकली तर तो डोळा गेला. चुकलेल्या सुईची नवी तारीख या गुरुवारी आहे.”

निकासिओने हातातला उंडा परत पानावर ठेवला.

“हे आधी का नाही बोललात?”

“बोलले असते तर माझ्यासाठी तुम्ही घाई केली असती. घाईत माणसाला नीट दिसत नाही. मला नीट बघणारा माणूस हवा होता.”

त्याने हात पुसले.

“दोन मिनिटांत आलो. तुम्ही जेवत राहा.”

तो रस्ता ओलांडून गेला. एल्फेगो गाडीच्या टपावर कोपर टेकून कुणाला तरी फोनवर आपलं रडगाणं सांगत होता. निकासिओला बघून त्याने फोन खिशात टाकला.

“ही गाडी कुणाला देऊ नकोस,” निकासिओ म्हणाला. “बाई घेतील.”

“का? अर्ध्या तासात पाणी आटलं?”

“आटलं समज.”

एल्फेगो धंद्यातला माणूस. त्याने पुढे काही विचारलं नाही. निकासिओचा हात दोन्ही हातांत धरून दाबला, पाठीवर दोन थापा मारल्या आणि मोठ्यांदा हसला. निकासिओ वळला तेव्हा ओब्दुलिया खानावळीच्या दारात उभी होती. ती आत गेली आणि तो येईपर्यंत आपल्या जागेवर जाऊन बसली.

“बाई, ती करडी गाडी घ्या,” तो बसता बसता म्हणाला. “चांगली आहे.”

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. वर्गात नक्कल सापडलेल्या पोराकडे ती अशीच बघत असणार.

“निकासिओ, त्याने तुम्हाला किती दिले?”

आता इथं खरं तर सुटायला वाट होती. पैसे खाल्ले म्हटलं असतं तर काय झालं असतं? आमच्याकडे पैसे खाल्लेल्या माणसाची आठवडाभर टिंगल होते आणि पुढच्या बाजाराला सगळे विसरतात. पण मग तिने ती गाडी घेतली नसती. गुरुवार चार दिवसांवर होता.

“काही दिलं नाही,” तो म्हणाला. “गाडीला पाणी लागलेलंच नाही. पट्टा कोरा आहे, स्क्रू कोरे आहेत. सकाळीही होते.”

“मग सकाळी तसं का म्हणालात?”

त्याने समोरचं ताट थोडं दूर सारलं. मग पुन्हा जवळ ओढलं.

“गाडी मिळाली की तुम्ही रविवारच्या येणार नव्हता.”

तिने वही उघडून मागची पानं चाळली. सुपावर तुपकट साय धरत होती. मागे खानावळवाली कुणाला तरी उरलेले सुटे परत देत होती.

“आणि त्याआधीच्या गाड्या?” ओब्दुलियाने विचारलं.

“पहिल्या तीन वाईटच होत्या. शपथ घेतो. चौथी चालली असती.”

“चौथी पाहिली तेव्हा मेंचा पडली नव्हती.”

“हो.”

“मी आज डोळ्याचं बोलले नसते, तर?”

खोटं बोलायची त्याला आता लाज वाटली. इतका उशीर करून वाटली, हे त्यालाही कळत होतं.

“तर पुढच्या रविवारी आपण आणखी एखादी बघितली असती.”

ती मान खाली घालून बसली. रागावली असती, चारचौघांत आवाज चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती बोलली तेव्हा तिचा आवाज फक्त थकलेला होता.

“मलासुद्धा हे जेवण आवडायचं. एकटीसाठी कोण कोंबडी शिजवतं? शनिवारी रात्रीच मी उद्याचे कपडे काढून ठेवायची.” ती थांबली. “नुसतं ‘जेवायला या’ म्हणाला असता, तर मी आले नसते का?”

 तिला फसवायच्या युक्त्या निकासिओला सुचल्या होत्या, पण हे एक वाक्य सहा आठवड्यांत एकदाही सुचलं नव्हतं. कुणी आपल्याकडे कामाशिवाय येईल, ही गोष्टच त्याच्या मनातून कधीची निघून गेली होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तसा तो ताटातल्या केळीच्या पानाची घडी घालत बसला.

तिने शाल सावरली, दोघांच्या जेवणाचे पैसे नेहमीप्रमाणे टेबलाच्या कडेला ठेवले आणि उभी राहिली. पाकीट अजून हातात उघडंच होतं.

“मिस्त्री,” ती म्हणाली, “गाडी बघायचे तुम्ही काय घेता?”

काही नको, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण ते म्हणजे तिच्याकडे पुन्हा काहीतरी मागणंच झालं असतं.

“शंभर केत्साल,” तो म्हणाला.

तिने शंभराची नोट काढून दिली. त्याने ती घेतली.

ती रस्त्याकडे गेली, एक बस जाऊ दिली आणि पलीकडे पोचली. पण एल्फेगोकडे गेली नाही. बाजाराच्या तोंडाशी लाल छत्रीखाली तोरिबिओ बसतो. तोही गाड्या बघून देतो, निकासिओपेक्षा वीस केत्साल कमी घेऊन. ती त्याच्याशी बोलली, करड्या गाडीकडे बोट दाखवलं. तोरिबिओने एकवार खानावळीच्या दिशेने पाहिलं, खांदे उडवले आणि आपली पिशवी उचलून तिच्यामागून चालू लागला.

तोरिबिओला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, त्याला चांगली गाडी दाखवा, तो ती नासकी ठरवेल, असं निकासिओ गेली पंधरा वर्षं गावभर सांगत आला होता. आता तो बाकावर बसून पलीकडे बघत होता. एल्फेगोने दार उघडलं आणि तोरिबिओने आत डोकं घातलं. देवा, निकासिओ मनात म्हणाला, आज तरी त्याला नीट दिसू दे.