माझ्या डोक्यावरची बंद पाकिटं

मी कॉलेजचा जुना सर्व्हर बोलतोय. ऑफिसमागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात बसून सगळ्यांच्या फायली आणि मेल सांभाळणारा संगणक. बोलतोय म्हणजे माझा पंखा घरघरतोय. त्याला बोलणं म्हणावं की नाही, हे मला नक्की सांगता येत नाही.

बारा वर्षांपूर्वी टेम्पोतून आलो, तेव्हा शिपाई आशाबाईंनी माझ्यावर हळदकुंकू वाहून अक्षता टाकल्या होत्या. एक तांदूळ जाळीतून आत गेला. तो अजून कधीमधी खडखडतो. निदान तो तांदूळच असावा, असं मी मानतो. या वयात आतून येणाऱ्या आवाजांची खात्री देववत नाही.

पूर्वी सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड होता, कपाटाच्या दारावर चिकटवलेला. रोज सकाळी हेडक्लार्क सोमनाथभाऊ सगळ्या प्राध्यापकांचे मेल उघडत, कागदावर छापत आणि ज्याच्या त्याच्या कप्प्यात टाकत. स्टाफरूममध्ये त्याला ‘टपाल’ म्हणत. कुणाची रजा, कुणाचं दुखणं, सगळं भाऊंना ठाऊक. हे बरं नव्हे, असं मला वाटे. पण मी कोण सांगणारा?

यंदा विद्यार्थ्यांनी लायब्ररीतल्या संगणकावरून चाचणीची प्रश्नपत्रिकाच उघडून वाचली. तेव्हा संगणक विभागाच्या मंजुषा मॅडमनी नवी व्यवस्था उभी केली. प्रत्येकाला वेगळा मेल, फायलींना वेगळी जागा, वेगळा पासवर्ड. तो पासवर्ड घातलेली सीलबंद पाकिटं वाटली आणि भाऊंना बजावलं, “दुसऱ्याचं पाकीट फोडलंत, तर प्राचार्यांकडे नेईन.”

प्राध्यापकांनी जुन्या सवयीनं आपापलं पाकीट भाऊंच्याच हातात ठेवलं. “तूच बघ बाबा.” भाऊ घाबरले. त्यांनी ती न फोडता माझ्या डोक्यावर रचली आणि कपाटाला कुलूप घातलं.

मग मॅडमनी याच खोलीत बसून, एकेक शब्द पुटपुटत, सगळ्यांना नव्या पत्त्यांवर मेल लिहिला: शुक्रवारी दुपारी जुना सर्व्हर पुसला जाईल, आपापल्या फायली हलवाव्यात. ती सूचना कुणीच वाचली नाही. आशाबाई सांगत होत्या, हल्ली टपाल कमी म्हणून मंडळी खुशीत आहेत. मी पंखा जोरात फिरवला. “तापलाय जणू,” म्हणत त्यांनी खिडकी उघडली.

मला घोर होता शफीसरांचा. ते उर्दू शिकवतात. अकरा वर्षं सुट्टीसुट्टीला खुलताबाद, देवगाव रंगारी असं फिरून त्यांनी म्हाताऱ्या बायकांची लग्नातली गाणी फोनवर भरून आणली. चौसष्ट आवाज. त्यातल्या बहुतेकजणी आता नाहीत, आणि तो फोनही कधीच बिघडला. आवाज उरले ते फक्त माझ्याजवळ.

शुक्रवारी मॅडम भाऊंना सोबत घेऊन मला पुसायला बसल्या, तेवढ्यात सर दारात आले.

“सोमनाथ, पंधरा दिवस झाले. माझं टपाल बंद केलंस का रे?”

“मॅडमनं सगळ्यांच्या मेलची चावीच काढून घेतली, सर. मी कुठून देऊ?”

मॅडमनी मान वर केली. “सर, तुम्ही सूचना वाचली नाहीत? मेल पाठवला होता.”

“मेल तर सोमनाथ वाचतो.”

“मी माझा बी वाचला नाय,” भाऊ म्हणाले. “माझं पाकीट बी त्या कपाटातच हाय, सगळ्यांच्या पाकिटांसंगं.”

मॅडमनी भाऊंकडून किल्ली घेऊन कपाट उघडलं. चाळीस पाकिटं. एकही फोडलेलं नाही. त्यांनी त्यातून सरांचं पाकीट शोधून काढलं.

“सर, तुमचं पाकीट फोडा. तुम्हीच.”

“मला जमेल का बेटा? सोमनाथ करेल की.”

“नाही सर. भाऊ, तुम्ही तोंड तिकडं करा.”

भाऊ भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. सर एका बोटानं अक्षरं शोधत होते. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा पासवर्ड लागला आणि माझ्यातले आवाज एकेक करून नव्या घरी निघाले. त्रेसष्ट सुखरूप गेले. चौसष्टावा अडकला. तो खुलताबादच्या आबेदाबींचा. त्या गेल्या रमजानात वारल्या.

मॅडमनी तीनदा मागितला. मला देता आला नाही.

“डिस्क खराब झालीय, सर.”

सरांनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला. “थकलाय बिचारा. जरा बसू द्या त्याला.”

मॅडमनी दारावरचा पासवर्डचा कागद फाडला आणि त्या जागी दुसरा लावला: ‘सोमवारपर्यंत पुसू नये.’ मग भाऊंना धाडून सगळ्या स्टाफला बोलावलं. संध्याकाळपर्यंत इथं पाकिटं फाडल्याचाच आवाज होता.

आता डोकं हलकं आहे. आपली चावी आपल्याजवळच असावी, हे मलाही पटतं. फक्त चावी दिल्यावर समोरच्याला कुलूप उघडता येतं का, तेवढं एकदा उभं राहून बघत जा.

आबेदाबी अजून माझ्यात कुठंतरी आहेत. गाणं संपल्यावर त्या खोकतात आणि सरांना विचारतात, “बराबर आया क्या, बेटा?” एवढं मला आठवतं. की आठवतंय असं वाटतं?

सोमवारी घाई करू नका, मॅडम. मला नीट थंड होऊ द्या, मग एकदाच पुन्हा मागून बघा. देईनच, असं म्हणवत नाही. पण त्या म्हातारीनं विचारलंय, आणि सरांनी अजून उत्तर दिलेलं नाही.