तोलेगेनचा डावा पाय आणि मी

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी बिघडलेलो नाही. कधीच नव्हतो.

मी ट्रेनर. घरातल्या घरात सायकल चालवण्यासाठी लागतो तो. सायकलचं मागचं चाक काढायचं आणि त्या जागी मला जोडायचं. समोरच्या पडद्यावर रस्ता दिसतो, कुठल्या कुठल्या देशांतले लोक आपापल्या घरी बसून त्याच रस्त्यावर सायकल मारताना दिसतात. पडद्यावर चढ आला की मी पेडल जड करतो, उतार आला की हलकं करतो, आणि चालवणाऱ्याचे पाय किती जोर लावताहेत ते आकड्यात दाखवतो. एवढंच माझं काम.

कारखान्यात मला खोक्यात घालण्याआधी तीन तास गरागरा फिरवलं होतं. शंभराचा जोर लावला तर आकडा शंभरच येतो का, हे पुन्हा पुन्हा तपासलं. एका बाईनं वहीत खूण केली आणि माझ्या पाठीवर 'योग्य' अशी चिकटपट्टी लावली. ती चिकटपट्टी अजून आहे. या घरात ती कुणी वाचली नाही.

मी कझाकस्तानातल्या अल्माटी शहरात आलो तो जानेवारीत. पाचवा मजला, काचा लावून बंद केलेली बाल्कनी, खाली गोठलेला रस्ता आणि धुराड्यांच्या धुरानं काळवंडलेली हवा. मला पाठवलं होतं मेरुएर्तनं. ही त्या घरातली मुलगी. ती दूर अक्ताऊला, कॅस्पियन समुद्राच्या काठी नोकरी करते. तिच्याकडे माझाच एक भाऊ आहे. मला पाठवलं तिच्या वडिलांसाठी, तोलेगेनसाठी.

तोलेगेन क्रीडाशाळेत मुलांना सायकलिंग शिकवतो. वय एकावन्न. ऑक्टोबरात तालगारच्या रस्त्यावर एका गाडीच्या आरशानं त्याला उडवलं. डाव्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. मी आलो तेव्हा त्यानं काठी टाकून दिली होती आणि दिसेल त्याला सांगत होता की पाय एकदम ठणठणीत आहे. शाळेनं त्याला मार्चपर्यंत मुदत दिली होती. एप्रिलमध्ये मुलांना डोंगरातल्या रस्त्यावर न्यायचं असतं, सोबत शिक्षकाला सायकलवर जावं लागतं. जमणार असेल तर तो, नाहीतर दुसरा कुणी.

आम्हा यंत्रांना तो वीस वर्षं नावं ठेवत आला होता. जागच्या जागी सायकल मारणं म्हणजे ताटलीत पोहणं, असं तो मुलांना सांगायचा. त्यामुळे मी घरात आलो तेच त्याच्या अपमानासारखं. त्याची बायको राउशान औषधांच्या दुकानात काम करते. तिनं मला खोक्यातून अर्धवट बाहेर काढून पाहिलं आणि म्हणाली, "झालं. एका घरात दोन ट्रेनर. आता भांडणं होणारच."

झाली.

माझ्याबरोबर सूचनांचं पुस्तक आलं होतं. तोलेगेननं ते चहाच्या किटलीखाली ठेवलं. पस्तीस वर्षं पाना हातात धरलेल्या माणसाला वाचायची काय गरज? गिअरच्या चकत्या बसवताना मधली पातळ कडी लावायची असते. ती त्याला जास्तीची वाटली. ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून त्यानं सायकल माझ्यावर चढवली आणि पेडल मारलं. चकत्या सैल, साखळी उड्या मारायला लागली. त्यानं माझ्या पाठीत एक थाप घातली आणि म्हणाला, स्वस्तातला माल. राउशाननं कट्ट्यावरची कडी उचलून त्याच्यापुढे धरली. त्यानं कडी लावली, साखळी शांत झाली. माझी माफी कुणी मागितली नाही.

मग मला इस्त्री आणि किटलीच्या शेजारी एकाच वायरीत खुपसलं. राउशाननं पाणी तापत ठेवलं आणि पडद्यावरचा डोंगर, तोलेगेन आणि घरातला दिवा एकदमच गेले. मला थेट फरशीवर उभं केलेलं, खाली साधी सतरंजीसुद्धा नाही. माझी थरथर खालच्या मजल्यावर पोचली. तिथल्या झिनाइदा पावलोव्हनांनी हीटरच्या पाइपावर चमचा वाजवायला सुरुवात केली. तोलेगेननं पाय टाकला की चमचा वाजायचा, थांबला की थांबायचा. शेवटी राउशान तळलेल्या बाउरसाकची ताटली घेऊन खाली गेली आणि त्यांच्याकडून एक जुना गालिचा घेऊन वर आली. म्हातारीनं कळवलं होतं, यंत्र राहू दे, पण पाय पुसायचं तरी शिकवा त्याला.

पंखा लावायचा नाही. हवा येत नसलेल्या बाल्कनीत माणूस दहा मिनिटांत भिजतो, आणि तो सगळा घाम माझ्यावर. मग खिडकी उघडायची, म्हणजे उणे पंधराची थंडी आणि शहरभरचा धूर आत. खोकत खिडकी बंद करायची, आणि दोष द्यायचा मला.

आणि वजन. चढ किती जड करायचा हे मी चालवणाऱ्याच्या वजनावरून ठरवतो. वजन त्यानं स्वतः सांगायचं असतं. तोलेगेन एकोणनव्वद किलोचा. त्यानं लिहिलं बहात्तर. बहात्तर तो लग्नात होता, भिंतीवरच्या फोटोत दिसतो. पहिल्याच रविवारी मेरुएर्त तिकडून आणि हा इकडून एकाच चढावर निघाले. वडिलांना ती कोके म्हणते. हा पुढे निघून गेल्यावर फोनवर तिनं विचारलं, "कोके, वजन किती टाकलंत तुम्ही?" यानं आवाज नीट येत नाही म्हणून वडिलकीच्या नात्यानं फोन ठेवून दिला.

हे सगळं मी सोसलं असतं. सुरुवातीला सगळेच चुकतात. पण खरं दुखणं वेगळं होतं.

माझ्यात ठरावीक जोराचा व्यायाम असतो. आकडा ठरवायचा, तेवढा जोर मी लावून घेतो. पाय मंद पडले की मी जड होतो, म्हणजे जोर तेवढाच राहतो. तोलेगेननं तिशीतला आपला आकडा टाकला. तिसऱ्या मिनिटाला पाय मंदावले, मी जड झालो, पाय आणखी मंदावले, मी आणखी जड. पेडल थांबलं. मातीत रुतल्यासारखा तो सायकलवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आकडा कमी करून पाहिला, तरी पुन्हा तेच.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? त्याच्या प्रत्येक फेरीत मला एक धक्का जोराचा लागायचा, आणि मग एक नुसता स्पर्श. जोराचा, स्पर्श. जोराचा, स्पर्श. उजवा पाय ढकलायचा, डावा पेडलवर बसून फिरून यायचा. पडद्याच्या कोपऱ्यात मी ते दाखवतही होतो. दोन रंगांच्या दोन कमानी, उजवी फुगलेली, डावी सपाट. एकोणसत्तर आणि एकतीस. पहिल्याच दिवशी तोलेगेननं बोटानं तो कोपरा बाजूला सरकवून टाकला होता. त्याला कळलं नव्हतं असं नाही. मला कळत होतं ते त्याच्या मांडीला माझ्याआधी कळत होतं.

पण फेब्रुवारीत तो सगळ्यांना सांगायला लागला की यंत्र खोटं बोलतं. शाळेत सांगितलं, फोनवर मेरुएर्तला सांगितलं, जेवताना राउशानला सांगितलं. यंत्र पन्नासेक आकडे कमी दाखवतं, ते सोडले तर आपण एप्रिलला तयार आहोत. मी ज्यात आलो ते खोकं त्यानं माळ्यावरून खाली काढलं. परत पाठवायचं ठरलं.

राउशान तेव्हा कपडे वाळत घालायला बाल्कनीत आली होती. ओला टॉवेल माझ्यावरच टाकायची तिची सवय. त्या दिवशी तिनं तो टाकला नाही. तिनं विचारलं, "नक्की यंत्राचंच चुकतंय?"

तो म्हणाला, "पस्तीस वर्षं मी हेच करतोय राउशान. माझे पाय मला माहीत नाहीत?"

"मग उतर," ती म्हणाली. "मी बसते."

राउशान जन्मात सायकलवर बसली नव्हती. तिच्या गावात घरी एकच सायकल होती आणि ती भावांची. तिला घोडा येत होता, सायकल नाही. तोलेगेननं हसून सीट खाली केली. ती घरातल्या चपलांसकट चढली आणि हँडल असं घट्ट धरलं, जणू मी तिला घेऊन खिडकीतून उडी मारणार होतो. मी कुठे जाणार? पण तिला कुणी सांगावं.

तिनं पेडल मारलं. सावकाश, भीत भीत, मग जरा सरळ बसून. आणि मला महिनाभरानं पहिल्यांदा नीट वाटलं. धक्का, धक्का. धक्का, धक्का. जोर काही फार नव्हता, पण दोन्हीकडून सारखा. पडद्यावर हात फिरवताना तिच्या बोटानं तो कोपरा चुकून बाहेर आला. तिनं विचारलं, हे दोन रंग कसले. सांगायची गरज नव्हती, खाली लिहिलेलं होतं. डावा पन्नास, उजवा पन्नास. कधी एखादा आकडा इकडेतिकडे.

ती थांबली. उतरली. त्याला पुन्हा बसायला सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे तो बसला. उजवी कमान फुगली. डावी सपाट झाली. तिनं ते दोन मिनिटं बघितलं. औषधांच्या दुकानात ती रोज माणसांच्या चिठ्ठ्या वाचते, तशी.

"यंत्राचे दोन्ही पाय ठीक आहेत, तोलेगेन," ती म्हणाली. "दवाखान्यात व्यायामाला तू किती वेळा गेलास?"

त्यानं पेडल थांबवलं नाही. तीन महिने तो आठवड्यातून तीनदा व्यायामाला म्हणून घराबाहेर पडत होता. पेडल मारता मारताच म्हणाला, दोनदा. बाकीचे दिवस तो शाळेच्या शेडमध्ये बसून मुलांच्या सायकली दुरुस्त करायचा. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर ऐंशी वर्षांचा म्हातारा त्याच्याहून उंच पाय उचलत होता. ते त्याला बघवलं नाही.

राउशान ओरडली नाही. ती म्हणाली, "एप्रिलमध्ये तुझ्या मागं बारा मुलं येणार होती. उतारावर."

एवढंच. मग ती टॉवेल वाळत घालायला लागली.

दुसऱ्या दिवशी तोलेगेन शाळेत जाऊन आला. एप्रिलचा गट त्यानं स्वतःहून सोडला. गट दुसऱ्या शिक्षकाकडे गेला, वयानं अर्धा, आणि तोलेगेनचाच एकेकाळचा विद्यार्थी. घरी येऊन तो थेट बाल्कनीत आला. मग त्यानं किटलीखालचं पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून वाचलं. दहा मिनिटं चालवून मग पाय मोकळे सोडायचे, म्हणजे मी स्वतःला जुळवून घेतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. तसं करून पाहिलं, तरी आकडा तोच आला. वजनाच्या जागी त्यानं एकोणनव्वद लिहिलं, आणि लगेच इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना.

दवाखाना पुन्हा सुरू झाला. संध्याकाळी माझ्यावर अर्धा तास, डावा पाय मोजत. एकतीस. तेहेतीस. पुन्हा एकतीस, आणि मला एक शिवी. छत्तीस. रविवारी मेरुएर्त सोबत यायची, आता चढावर तीच पुढे असायची, आणि वर पोचून बापासाठी थांबायची. तो तिला थांबू नकोस म्हणायचा. ती थांबायची. मे महिन्यात डावा चव्वेचाळीसवर आला आणि तोलेगेननं आपली सायकल माझ्यावरून काढून बाहेर नेली.

मला वाटलं, झालं, आता खोकं. पण सकाळची गोष्ट सांगायची राहिली. फेब्रुवारीतल्या त्या दिवसानंतर राउशान रोज दुकानात जाण्याआधी वीस मिनिटं माझ्यावर बसत होती. कुणाला न विचारता. सीट खाली करायची, उतरताना पुन्हा वर करायची, म्हणजे नवऱ्याला कळू नये. त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तो अंथरुणात पडून ऐकायचा. आपली सायकल गेल्यावर त्यानं शाळेच्या शेडमधली एक लहान जुनी सायकल आणून माझ्यावर बसवली आणि ती कुणासाठी हे सांगितलं नाही.

जे आता सुरुवात करणार आहेत त्यांना माझी एक विनंती. पुस्तक वाचा. खाली काहीतरी अंथरा. पंखा लावा. माझ्यावर पायजमे वाळत घालू नका. वजन खरं लिहा, मी तुमचे लग्नाचे फोटो बघून चढ ठरवत नाही. आणि आकडा आवडला नाही तर मला खोक्यात घालण्याआधी एकदा आपल्या गुडघ्याला विचारा. एवढं केलंत तरी माझ्यासारख्याचं अर्धं आयुष्य शिव्या खाण्यात जाणार नाही.

मी राउशानला चढ देऊ शकतो, उतार देऊ शकतो. तोल मात्र माझ्याकडे नाही. माझ्यावर कुणी पडत नाही, म्हणून माझ्यावर कुणी सायकल शिकतही नाही. हे तिला जूनमध्ये कळलं. गेल्या रविवारी सकाळी तिनं ती लहान सायकल स्वतः माझ्यावरून उतरवली, मागचं चाक तोलेगेनकडून लावून घेतलं, आणि दोघं लिफ्टनं खाली गेली. राउशान, बावन्नाव्या वर्षी, क्रीडाशाळेच्या मैदानावर सायकल शिकायला.

परत आली ती तळहात सोलवटून. चेहरा लाल, केसांत धूळ. तोलेगेन मागून येत होता, हसू दाबत. तो म्हणाला की चाळीस मीटर गेली. ती म्हणाली की पन्नास, आणि दुसऱ्यांदा पडले तेव्हा तूच वाटेत आलास.

त्यानं विचारलं, सायकल परत ट्रेनरवर चढवू का.

"राहू दे दाराशीच," ती हात धुताना म्हणाली. "उद्या परत जायचंय."

म्हणून सध्या मी रिकामा उभा आहे. काचेतून ऊन येतं. माझी कुणाशी तक्रार नाही, म्हणजे आहेच, पण ती ऐकायला घरात कुणी थांबत नाही.