टबातलं पाणी

पाय धुवायचं मशीन विकणारा सांगलीचा सुमंत पार्लरच्या दारात दिसला तेव्हापासून अंजनाच्या डोक्यात तिडीक गेली होती. आटपाडीत स्वतःच्या हिमतीवर पार्लर उभं केलं तिनं, आणि बायकांचे पाय कशात धुवायचे हे ठरवायला आलं कोण? तर सासरे, हंबीरराव! जन्मात कधी पार्लरची पायरी न चढलेला माणूस.

तिचं म्हणणं साधं होतं. स्टीलची पसरट घमेली घ्यायची. एकीचे पाय झाले की पाणी ओतायचं, घमेलं साबणानं घासायचं, औषध लावून वाळवायचं, मगच दुसरी. पण हंबीररावांना त्यातलं 'पाणी ओतायचं' एवढंच ऐकू गेलं. टँकरमागं हंडे घेऊन पळण्यात त्यांचा अर्धा जन्म गेलेला. भाजी धुतलेलं पाणीसुद्धा कढीपत्त्याच्या बुंध्याशी गेलं पाहिजे. घरात तांब्या लवंडला तरी दिवसभर तोंड सुरू.

सुमंतनं नमुन्याचं मशीन फरशीवर ठेवलं, पाणी भरलं, बटण दाबलं. निळा दिवा लागला, बुडबुडे सुटले.

"आबा, आत फिल्टर आहे. दिवसभर तेच पाणी फिरतं. परवा कवठे महांकाळला दाखवलं, काल विट्याला. सगळे खूश!"

"बघ! ह्याला म्हनत्यात अक्कल," हंबीरराव सुनेला म्हणाले.

शेजारच्या दोघी हौसेनं एकापाठोपाठ एक पाय बुडवून बसल्या. त्या उठल्या तसे हंबीरराव दाराकडं वळले. तिथं त्यांची बायको हौसाबाई उभी होती.

"ये, तूबी बस. घरचंच हाय."

हौसाबाईंना साखरेचा आजार होता. गेल्या वर्षी साध्या भोवरीची जखम चिघळली आणि मिरजेच्या डॉक्टरांनी उजव्या पायाची करंगळी काढली. आता पुन्हा काही झालं तर अख्खं पाऊल कापावं लागेल, असं तेव्हाच बजावलं होतं. तेव्हापासून रोज त्यांचे पाय अंजनाच पुसून कोरडे करायची.

तिनं खटकन बटण बंद केलं. टबातली जाळी उपसली, केसातला आकडा काढून जाळीमागच्या भोकात घातला आणि ओढला. काळा बुळबुळीत गाळ निघाला, वर कुणाचा तरी केस.

"हे बघा! हे ह्या दोघींचं न्हाई. विट्याचं हाय, कवठ्याचं हाय. फिल्टर म्हनं!"

"वहिनी, एवढं तर सगळीकडं चालतंच," सुमंत म्हणाला.

"तुमच्या आईला बसवा ह्यात, मग सांगा चालतं का!"

"तोंड सांभाळ, अंजना!" हंबीरराव गरजले. "दोघींच्या पायानं पान्याचं काय विष झालं? चांगलं पानी वतायचं म्हंजी पाप हाय. हौसा, ठेव पाय."

उभ्या जन्मात नवऱ्याला नाही म्हणायचं त्या बाईला ठाऊकच नव्हतं. तिनं मुकाट्यानं चप्पल काढली.

"आत्याबाई, थांबा!" अंजना आडवी झाली. "मामंजी, आता लय झालं. पान्याचं पाप बरं कळतं तुमाला! आत्याबाईंचं बोट कापलं तवा तुमी दवाखान्याबाहेर तंबाखू मळत बसला हुता. पट्टी मी सोडली, मीच बघितलं. आज तुमी बघा. तुमच्या हातानं धरा त्यांचा पाय आनि घाला ह्यात. मी न्हाई घालनार!"

"घालतो की! भितो काय?"

हंबीरराव तणतणत पाटावर बसले आणि त्यांनी बायकोचा पाय धरला. एवढ्या संसारात त्या पायाला त्यांचा हात कधी लागला नव्हता.

"आवं, सोडा. लोक बघत्यात," हौसाबाई लाजून म्हणाल्या.

हंबीररावांच्या हाताचा अंगठा करंगळीच्या जागी गेला. तिथं काहीच नव्हतं, नुसती गुळगुळीत कातडी आणि खड्डा. खड्ड्याच्या कडेला ताजी, लालसर भेग.

"दुखतंय का गं?"

"न्हाई. तितं आता काईच कळत न्हाई मला."

हंबीररावांनी पाय तसाच पाण्यावर धरला. खाली ठेवेनात.

"पावनं, उचला तुमचं मशीन," ते म्हणाले. मग मान वर न करता, "अंजना, वतून दे ते पानी."

तिचा राग अजून उतरला नव्हता. "कढीपत्त्याला घालू?"

"गटारात," हंबीरराव म्हणाले आणि खांद्यावरच्या टॉवेलनं हौसाबाईंचा पाय पुसू लागले.